लाल निशाण ते उसाची ट्रॉली
(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

दिवाळी सरली, साखर कारखान्यांची धुराडी पेटली, की आमच्या पश्चिम महाराष्ट्रातल्या रस्त्यांचे रूपच पालटते. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, ट्रॉलीच्या बाहेर हातभर आलेला ऊस, बैलांच्या टायरगाड्यांची रांग आणि या सगळ्यांच्या मागे हॉर्न वाजवून कंटाळलेली एसटी. एसटीतल्या प्रवाशाच्या मनात एकच प्रश्न असतो : ‘या लोकांना काही कायदाकानून आहे की नाही?’ ट्रॅक्टरवाल्याच्या मनातही एक प्रश्न असतो : ‘आम्ही शेतकरी माणसे, शेतातला माल नेतो. आम्हाला कसला कायदा?’

तालुक्याच्या कोर्टात वकिली करताना हे दोन्ही प्रश्न मी पुन्हा पुन्हा ऐकले आहेत. गंमत अशी, की हे प्रश्न नवे नाहीत आणि मुळात आपल्याकडचेही नाहीत. ते दीडशे वर्षांहून जुने आहेत आणि पहिल्यांदा विचारले गेले ते इंग्लंडातल्या खेड्यापाड्यांत. त्या प्रश्नांचा हा थोडक्यात इतिहास.

इंग्लंडात म्हणे एकेकाळी मोटारगाडीच्या पुढे एक माणूस लाल निशाण घेऊन चालत असे, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. जुन्या पिढीने नव्या यंत्राला कसा वेड्यासारखा विरोध केला, याचा नमुना म्हणून ती सांगितली जाते आणि ऐकणारे हसतात. पण तारखा जरा ताडून पाहा. लाल निशाणाचा कायदा १८६५ सालचा आहे. कार्ल बेंझ यांनी आपल्या मोटारगाडीचे पेटंट घेतले १८८६ साली. म्हणजे कायदा झाला तेव्हा मोटारगाडी जन्मालाच आलेली नव्हती. मग ते निशाण कोणापुढे चालत होते?

ते चालत होते वाफेच्या इंजिनापुढे, आणि त्यांतली कितीतरी इंजिने शेतीची होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इंग्लंडात मळणी वाफेवर होऊ लागली होती. बॉयलर, धुराडे आणि मोठे चाक असलेले इंजिन गाड्यावर बसवायचे, घोडे जुंपायचे, आणि या शेतातून त्या शेतात ओढत न्यायचे. केंट परगण्यातल्या रॉचेस्टरचे थॉमस अ‍ॅव्हलिंग स्वतः शेतकरी होते. ज्या इंजिनात इतक्या घोड्यांची ताकद आहे, ते ओढायला पुन्हा घोडे कशाला, असा साधा प्रश्न त्यांना पडला. १८५९च्या सुमारास त्यांनी इंजिनाच्या दांड्यापासून मागच्या चाकांपर्यंत साखळी जोडली आणि इंजिन आपल्या पायांनी चालू लागले. दिशा देण्यासाठी मात्र पुढे एक घोडा जुंपावाच लागे! त्याच काळात जॉन फाउलर यांनी वाफेवर चालणारा नांगर यशस्वी करून दाखवला आणि १८५८ साली इंग्लंडच्या राजकीय कृषी संस्थेचे ५०० पौंडांचे बक्षीस मिळवले. आपण आज ज्याला ट्रॅक्टर म्हणतो, त्याचे हे पणजोबा.

शेतात ही यंत्रे कोणाला खुपत नव्हती. भांडण सुरू झाले ते बांध ओलांडून रस्त्यावर आल्यावर. कित्येक टन वजनाचे लोखंडी धूड खडीच्या रस्त्यावरून गेले की रस्ता फुटे, पूल हादरे, घोडे बुजत. त्या काळी रस्त्यांची देखभाल कुठे टोलनाक्यांच्या उत्पन्नातून, तर कुठे गावकीच्या पट्टीतून होत असे. तेव्हा गावकऱ्यांनी विचारले, की यंत्र एकाचे, नफा एकाचा आणि रस्ता दुरुस्त करायचा तो आम्ही का?

यातून १८६१ साली ब्रिटिश पार्लमेंटने पहिला ‘लोकोमोटिव्ह कायदा’ केला. इंजिनाचे वजन १२ टनांपेक्षा जास्त नको. मागे गाडा ओढायचा असेल तर इंजिनाची चाके किमान ९ इंच रुंद हवीत, म्हणजे रस्ता कापला जाणार नाही. पुलाची मोडतोड झाली तर भरपाई इंजिनाच्या मालकाने द्यायची. वेग उघड्या रस्त्यावर ताशी १० मैल आणि गावात ५ मैल. हे नियम वाचताना आपल्याला काहीच वेगळे वाटत नाही, कारण आजच्या मोटार वाहन कायद्याचा सांगाडा जवळजवळ हाच आहे : वजन, चाके, वेग, नुकसानभरपाई.

चार वर्षांनी, १८६५ साली, नियम आणखी कडक झाले. वेग उघड्या रस्त्यावर ताशी ४ मैल आणि गावात २ मैल, म्हणजे माणसाच्या चालीपेक्षाही कमी. प्रत्येक इंजिनाबरोबर किमान तीन माणसे आणि त्यांतला एक इंजिनाच्या ६० यार्ड पुढे लाल निशाण घेऊन पायी चालणारा. समोरून घोडेस्वार किंवा घोडागाडी आली की त्याने इशारा द्यायचा. रस्त्यावर शिटी वाजवायला बंदी, घोड्यांसमोर वाफ सोडायला बंदी, आणि कोणी हात वर केला की इंजिन थांबवायचे.

आज यातले काही हास्यास्पद वाटते. पण कायदा करणाऱ्यांच्या जागी उभे राहून पाहा. रस्ता हा पायी चालणाऱ्यांचा, गुराढोरांचा, घोड्यांचा होता. त्यांनी काही नवे मागितले नव्हते. नवा आला होता तो यंत्रवाला. तेव्हा सावध करण्याची जबाबदारी कोणावर? कायद्याने उत्तर दिले : जो धोका घेऊन रस्त्यावर आला, त्याच्यावर. लाल निशाणाचा खरा अर्थ हा आहे. १८७८ साली निशाणाची सक्ती देशभर राहिली नाही आणि पुढे चालणाऱ्या माणसाचे अंतर २० यार्डांवर आले. १८९६ साली हलक्या मोटारगाड्यांना या जाचातून सोडवले गेले. जड इंजिनांसाठी मात्र निराळे नियम चालूच राहिले.

आता या इतिहासातल्या माझ्या मते सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येतो. तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. १८७८च्या कायद्याने परगण्यांना रस्त्यावरच्या इंजिनांसाठी वार्षिक परवाना आणि त्याची फी ठेवण्याचा अधिकार दिला. ही फी १० पौंडांपर्यंत असू शकत होती. पण केवळ शेतीसाठी वापरल्या जाणाऱ्या इंजिनाला त्यातून सूट मिळाली. शेतकऱ्याला सवलत द्यायची, यावर कोणाचा वाद नव्हता. वाद झाला तो ‘केवळ शेतीसाठी’ म्हणजे काय, यावर. शेतकरी स्वतःची मळणी करतो, ती शेती. तोच शेजाऱ्याची मळणी भाड्याने करून देतो, ती शेती की धंदा? आणि मळणीचा हंगाम संपल्यावर त्याच इंजिनाने खडी वाहिली तर? अखेर १८९८च्या कायद्यात शेतीच्या इंजिनाची व्याख्याच घालावी लागली. शेतजमिनीच्या मालकाचे किंवा कसणाऱ्याचे, फक्त त्याच्या शेतीच्या कामासाठी वापरलेले आणि भाड्याने न दिलेले इंजिन, ते शेतीचे. शिवाय मळणी-नांगरणीसारख्या कामांना लावलेलेही शेतीचे. खडी वाहणारे मात्र या व्याख्येत बसत नव्हते. यंत्र तेच, मालक तोच, पण कामाप्रमाणे कायद्याच्या नजरेत त्याची जात बदलत होती.

‘केवळ शेतीसाठी’ ही कल्पना तिथून समुद्र ओलांडून आपल्याकडे आली, आणि आपल्या कोर्टांत ती आजही रोज तपासली जाते.

आपल्याकडे मोटार वाहनांचा पहिला अखिल भारतीय कायदा १९१४ सालचा. तेव्हा शेतीचा माल रस्त्यावर येत होता तो बैलगाडीतून. बैलगाडी या कायद्याबाहेरच होती आणि आजही आहे. आपल्या राज्यघटनेने तर तिची सोयरीकच वेगळी मांडली आहे. यंत्रावर चालणारी वाहने समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्याही अखत्यारीत. आणि यंत्रावर न चालणारी वाहने राज्याच्या सूचीत. म्हणून उसाची बैलांची टायरगाडी आणि उसाचा ट्रॅक्टर एकाच रस्त्यावर मागेपुढे चालत असले, तरी कायद्याच्या दृष्टीने त्यांची घरे निरनिराळी आहेत.

दुसरा कायदा आला १९३९ साली. त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमा सक्तीचा करणारा त्याचा भाग १ जुलै १९४६ पासून लागू झाला. स्वातंत्र्यानंतर प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, पाठोपाठ इतर उभे राहिले, आणि उसाची वाहतूक हा रस्त्यावरचा एक मोठा व्यवहार झाला. १९५९ साली फरिदाबादला देशी ट्रॅक्टर तयार होऊ लागले. १९६३ साली मुंबईत महिंद्रांची ट्रॅक्टर कंपनी स्थापन झाली. हळूहळू गावोगावी ट्रॅक्टर आला. नांगरटीचे दिवस वर्षात मोजकेच. बाकीचे दिवस कर्जाचे हप्ते तर चालू. मग ट्रॅक्टरच्या मागे ट्रॉली लागली आणि ट्रॉलीत ऊस, खत, विटा, वाळू, मुरूम, शेतमजूर, लग्नाचे वऱ्हाड आणि जत्रेचे यात्रेकरू, सगळे काही बसू लागले. यात शेतकऱ्याची काही दुष्ट बुद्धी नव्हती. दारात उभे असलेले यंत्र माणूस कामाला लावणारच.

सध्या लागू असलेला मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. तो १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्यात ट्रॅक्टरची व्याख्या मोठी मजेशीर आहे : स्वतःवर ओझे वाहून नेण्यासाठी न बनवलेले मोटार वाहन, पण त्यातून रोडरोलर वगळून. आणि ट्रॉली? तिला इंजिन नाही, स्टिअरिंग नाही, ती स्वतःहून तसूभर हलत नाही. पण कायद्यातली ‘मोटार वाहन’ या शब्दाची व्याख्या वाचली, तर तिच्यात ट्रेलरचाही समावेश आहे. म्हणजे ट्रॉली हेही मोटार वाहनच. ‘वकीलसाहेब, ट्रॉलीला कसले आलेय पासिंग?’ असे विचारणाऱ्या अशिलाला मी ही व्याख्या दाखवत असे, तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा होई.

केंद्रीय नियमांनी शेतीच्या ट्रॅक्टरला मालवाहू वाहनांच्या रांगेतून बाहेर काढले आहे. शेतीची अवजारे चालवणारे किंवा शेतमाल नेण्यासाठी ट्रॉली ओढणारे ते शेतीचे ट्रॅक्टर आणि त्याची नोंद ‘बिगर-वाहतूक’ वाहन म्हणून होते. अनेक राज्यांनी त्याला करातही सवलत दिली आहे. इथपर्यंत सगळे ठीक. पण एक बारकावा पाहा. लायसन्स आणि विमा यांची सक्ती कायद्याने ‘सार्वजनिक जागी’ वाहन चालवण्यासाठी घातली आहे. लोकांना जिथे जाण्याचा हक्क आहे तो रस्ता, ती वाट, ती जागा म्हणजे सार्वजनिक जागा. नोंदणीचे कलम मात्र सार्वजनिक जागा ‘किंवा इतर कोणतीही जागा’ असे म्हणते. म्हणजे बांधाच्या आत असलात तरी नोंदणी हवी. बांध ओलांडलात की लायसन्स आणि विमाही हवा. ट्रॅक्टर शेतीचा आहे म्हणून यातली एकही गोष्ट माफ झालेली नाही. सूट मिळाली आहे ती परवान्यात आणि पैशात.

आता पुढचा प्रश्न. शेतीच्या ट्रॅक्टरला ट्रॉली लावली, तिच्यात माल भरला, म्हणजे तो मालवाहू ट्रक झाला का? विमा कंपन्यांनी हा मुद्दा वर्षानुवर्षे लढवला. ट्रॅक्टरचे लायसन्स असलेला चालक ट्रॉली लावताच बिनलायसन्सचा ठरतो, तेव्हा आम्ही भरपाई देणार नाही, असे त्यांचे म्हणणे. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. ट्रॅक्टर चालवण्याचे वैध लायसन्स असेल, तर केवळ मागे ट्रॉली जोडल्याने चालक अपात्र ठरत नाही, असा निर्णय दिला. पुढे हलक्या वाहनाच्या लायसन्सवर साडेसात टनांपर्यंतचे वाहतुकीचे वाहन चालवता येते, असे याच न्यायालयाने २०१७ साली सांगितले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. चालकांना मोठा दिलासा मिळाला.

पण याची दुसरी बाजूही आहे. २००५ साली कर्नाटकातल्या एका वाहतूक कंपनीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले. ही कंपनी ट्रॅक्टर-ट्रेलरने अवजड माल वाहून नेत असे. शेतीशी तिचा संबंध नव्हता. न्यायालय म्हणाले, की मालाच्या वाहतुकीसाठी वापरलेली ट्रॅक्टर-ट्रेलरची जोडी ही मालवाहू गाडीच आहे आणि तिला परवाना लागतो. १८९८ सालच्या व्याख्येतला तोच धागा : यंत्रावर काय लिहिले आहे यापेक्षा त्याने काय काम केले, ते पाहायचे.

हे सगळे वकिलांचे शब्दांचे खेळ आहेत, असे कोणाला वाटेल. तसे ते नाहीत. २००७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेले एक प्रकरण सांगतो. एक गरीब मजूर माती खणून ट्रॉलीतून वाहून नेण्याच्या कामावर होता. तो ट्रॉलीवरून पडला आणि कायमचा अधू झाला. ट्रॅक्टरचा विमा होता, पण शेतीच्या कामापुरता. माती वाहणे ही शेती नव्हे आणि ट्रॉलीवर बसलेल्या माणसाला या पॉलिसीचे संरक्षण नाही, हे विमा कंपनीचे म्हणणे कायद्याने बरोबर ठरले. न्यायालयाने घटनेच्या १४२व्या कलमातले आपले खास अधिकार वापरले आणि विमा कंपनीने आधी मजुराला पैसे द्यावेत व नंतर मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश दिला. म्हणून त्याच्या पदरात काही पडले. पण प्रत्येक मजुराला दिल्लीपर्यंत जाता येत नाही, आणि १४२वे कलम तालुक्याच्या कोर्टाच्या हाती नसते. शिवाय अशी वसुली मालकाच्या डोक्यावर बसली, तर तो कोठून देणार? जमीन विकून? ‘केवळ शेतीसाठी’ या दोन शब्दांवर एक अधू झालेला माणूस आणि एक कर्जबाजारी घर, दोन्ही टांगलेली असतात.

म्हणूनच ट्रॉलीतून माणसे नेण्याचा प्रश्न मला सर्वांत गंभीर वाटतो. ट्रॉलीला माणसांसाठी आसन नसते, धरायला दांडी नसते. १ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तर प्रदेशात कानपूरजवळ देवदर्शनाहून परतणारी ट्रॅक्टर-ट्रॉली तळ्यात उलटली आणि २५हून अधिक भाविकांचा जीव गेला. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यात आलेगाव शिवारात शेतमजूर महिलांना नेणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळला आणि ७ महिला दगावल्या. दुसरे साधन परवडत नाही, किंवा ते येतच नाही, म्हणून ही माणसे ट्रॉलीत बसतात. त्यांना दोष देऊन आपले भागणार नाही. पण ‘शेतीचेच तर वाहन आहे’ असे म्हणून डोळेझाक केली, तर तो दोष आपला सर्वांचा.

दुसरी गोष्ट मुलांची. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा ट्रॅक्टर चालवतो, याचे गावात कौतुक होते. ब्रिटनमध्ये आजही तेराव्या वर्षापासून मुलाला शेतात ट्रॅक्टर चालवता येतो, पण रस्त्यावर आणायचा तर वय १६ आणि लायसन्स हवे. म्हणजे त्यांनी शेत आणि रस्ता यांच्यामध्ये स्पष्ट रेघ ओढली आहे. आपल्या कायद्यात रस्त्यासाठी वयाची अट १८ वर्षांची आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला, तर पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि वाहनाची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते. ट्रॅक्टर त्याला अपवाद नाही.

ब्रिटनने रेघ किती बारकाईने ओढली, याचे आणखी एक उदाहरण. एकाच शेतकऱ्याच्या दोन शेतांमध्ये जा-ये करण्यासाठी ट्रॅक्टर सार्वजनिक रस्त्यावर दीड किलोमीटरपेक्षा कमी अंतर जात असेल, तर त्याच्यासाठी नियमांची वेगळी सवलत आहे. आपल्याकडेही शेताच्या तुकड्या विखुरलेल्या आहेत आणि रस्ता ओलांडल्याशिवाय शेती होत नाही. सवलत असायलाच हवी. पण ती कशाची, कुठपर्यंत, हे शेतकऱ्याला त्याच्या भाषेत, ट्रॅक्टर घेतानाच कोणीतरी समजावून सांगायला हवे. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मालकांनी आपली विम्याची पॉलिसी पहिल्यांदा वाचली ती अपघातानंतर.

इतक्या वर्षांचा हा इतिहास पाहिला, की एक गोष्ट स्पष्ट दिसते. समाजाने शेतकऱ्याला करात, फीत, परवान्यात सूट दिली आणि ती योग्यच होती. रस्त्यावरच्या दुसऱ्याच्या जिवाबाबत मात्र सूट कोणीही, कधीही दिलेली नाही. १८६५ सालच्या इंजिनवाल्यालाही नाही आणि आजच्या ऊसवाल्यालाही नाही. आपल्या नियमांनी प्रत्येक ट्रॉलीच्या मागे दोन्ही बाजूंना एकेक लाल रिफ्लेक्टर सक्तीचा केला आहे. त्या साठ यार्डांवरून चालणाऱ्या माणसाच्या हातातले निशाणच जणू आकसून ट्रॉलीच्या मागे येऊन बसले आहे. किंमत म्हणाल तर उसाच्या एका खेपेच्या भाड्यापुढे ती काहीच नाही. हंगामात रात्री बंद पडलेली, ना दिवा ना रिफ्लेक्टर अशी ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी असते, आणि मागून मोटारसायकलवर कोणाचा तरी मुलगा घरी परतत असतो. बहुधा तोही शेतकऱ्याचाच.